हेडलीने वाचलेलं पत्र

सोमवार, ३ जानेवारी १९८३

म्युरिएलने, माझ्या बायकोने, नाताळात ही वही दिली. म्हणाली, "पन्नाशी उलटल्यावर माणसाने बोलणं कमी करून लिहायला लागावं." टोमणा पोचला. पण बोलूनच तर पोट भरत आलोय. बाप घोडागाडीवर लोकरीचे गठ्ठे वाहायचा. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, बेरजेची यंत्रं बॅगेत घातली आणि यॉर्कशरच्या गिरण्यांची दारं ठोठावत सुटलो. पुढे यंत्रांचे कॉम्प्युटर झाले, बॅगेच्या जागी मोटार आली, बॅटलीचं बिऱ्हाड लंडनला हललं. मधले सगळे रविवार डोंगरकडे चढण्यात गेले.

आता रविवारही विकला. येत्या ९ तारखेपासून बारा रविवार, सकाळी अकरा वाजता, टीव्हीवर थेट. लोकांना कॉम्प्युटर समजावून द्यायचा. निर्माती इमोजेन व्हॉक्स, वय चौतीस, बोलताना पेन्सिल चावते. शाळेत असताना तिने मला टीव्हीवर वेल्समधल्या एका कड्याला लटकून बडबडताना पाहिलं होतं.

"तुम्ही तेव्हा घसरलात, मिस्टर ओल्डरॉइड, आणि घसरता घसरता विनोद केलात. मला तसाच माणूस हवाय."

"घसरणारा?"

"घसरला तरी बोलत राहणारा."

तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. दोनशेच्या वर कॉम्प्युटर विकले मी, पण आत काय चालतं ते मला अर्धंमुर्धंच कळतं. गिऱ्हाइकाला त्याच्याहून कमी कळायचं, म्हणून निभावलं. आता गिऱ्हाईक लाखांत आहे, आणि त्यातली बारा वर्षांची पोरं माझ्याहून हुशार.

रविवार, ९ जानेवारी

झालं. हात थरथरले नाहीत. पाय थरथरले, पण ते टेबलाखाली होते.

घरी पोचतो तोच हेडलीचा फोन. हेडली क्रॅबट्री आणि मी अठ्ठावीस वर्षं एका दोराला बांधून चढतोय. काराकोरममध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं हिमदंशाने पेरापर्यंत गेली, तरी अजून माझ्यापेक्षा बरा चढतो. बॅटलीच्या डन्सफर्थ गिरणीत सुताच्या कोठाराचा प्रमुख आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याची बायको डोरीन गेली, तेव्हापासून घरात एकटाच.

"कसा वाटला कार्यक्रम?"

"टाय भिकार होता."

"आणि बाकी?"

"पडद्यावर काहीतरी लिहून येतं तेव्हा तू तोंडात मिठाची गुळणी धरून का बसतोस?"

"अरे, लोक वाचत असतात तेवढ्यात."

"मग तुला कशाला ठेवलाय? तुझं तोंड तेवढ्यापुरतंच बंद होतं म्हणजे कमाल आहे. बोल की लेका! जे येईल ते बोलून दाखव."

कौतुक करणं त्याच्या रक्तात नाही. पण सूचना अगदीच टाकाऊ नाही.

सोमवार, १७ जानेवारी

काल पडद्यावरची एकूण एक ओळ मोठ्याने वाचली. इमोजेनने आधी नाक मुरडलं. आज तिच्या टेबलावर पत्रांचा ढीग. हल शहरातल्या एका आंधळ्या पियानो-दुरुस्तीवाल्याचं, इस्त्री करता करता नुसतं ऐकणाऱ्या बाईचं, चष्मा सापडत नसलेल्या एका पाद्र्याचं. इमोजेन म्हणाली, "तुमची कल्पना झकास निघाली." मी मान झुकवली. हेडलीचं नाव घ्यायला हवं होतं. राहून गेलं.

शनिवार, २२ जानेवारी

गिर्यारोहण क्लबचं वार्षिक जेवण. वीस वर्षं आम्ही नदीकाठच्या एकाच खानावळीत जेवलो, यंदा चिटणिसाने जागा बदलून हॅरोगेटचं हॉटेल धरलं. निमंत्रणपत्रिकेवर ठळक छापलेलं. सूप झालं, मटण झालं, हेडलीचा पत्ता नाही. पुडिंगच्या वेळी आला, डोरीनने शिवलेल्या कोटात, चेहरा तांबडालाल. महाशय जुन्या खानावळीत तासभर एकटेच टाय लावून बसले होते.

"पत्रिका मिळाली नाही का तुला?" चिटणीस.

"मिळाली. चुलीवरच्या फळीवर ठेवलीय. सोनेरी कडा आहे. छान दिसते."

सगळे हसले, मीही हसलो. पण मनातून चिडलो होतो. इतकाही ताठा बरा नव्हे, की निमंत्रण उघडून बघायचे कष्ट घेऊ नयेत. डोरीन असती तर कान धरून योग्य जागी आणून बसवला असता.

सोमवार, ३१ जानेवारी

हेडलीने कामाच्या वेळात फोन केला. असं तो कधी करत नाही.

"गिरणीत तुझं ते खोकं येतंय. कोठारासाठी. ईस्टरनंतर."

डन्सफर्थला पॉग्सन म्हणून नवा व्यवस्थापक आलाय. एकतीस वर्षांचा, पदवीधर. त्याने स्पष्टच सांगितलं: यंत्र चालवता येईल त्याच्याकडे कोठार राहील, येणार नाही त्याचे आभार मानून त्याला निरोप. हेडली सत्तावन्नचा आहे. पंधराव्या वर्षी त्या कोठारात शिरला. अकरा हजार गठ्ठे कुठल्या फळीवर कुठल्या रंगाचे, सगळं डोक्यात. सकाळी सहाला तिथे जायचं नसेल तर, डोरीन गेल्यावर, त्या माणसाला उठायला कारण काय?

"मग शिक," मी म्हटलं. "मी बाराशे मैलांवरच्या लोकांना शिकवतोय, तुला नाही शिकवणार?"

"बाराशे मैलांवर समुद्र आहे, मूर्खा," तो म्हणाला. आणि मग, "शिकव."

अठ्ठावीस वर्षांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

रविवार, ६ फेब्रुवारी

कार्यक्रमात वापरतो तसलंच एक यंत्र आणि दोनशे बारा पानांचं पुस्तक हेडलीला पार्सलने पाठवलं होतं. म्युरिएल तेव्हाच म्हणाली होती, "पुस्तक राहू दे. फोनवरून तोंडी सांग त्याला." मी म्हटलं, "हे काय फोनवर सांगायचं असतं? पुस्तकात चित्रंसुद्धा आहेत." ती विणत बसली.

आज विचारलं, "पुस्तक कसं वाटलं?"

"चांगलं आहे. जड आहे."

"कठीण वाटतंय?"

"वजनाने जड, म्हटलं मी. न्हाणीघराचं दार वाऱ्याने आपटायचं, आता आपटत नाही."

सोमवार, १४ फेब्रुवारी

शेवटी फोनवरच शिकवतोय. म्युरिएल जिंकली म्हणून गालातल्या गालात हसते.

पण काय हट्टी माणूस आहे हा! मी म्हणतो, "आता 'प्रिंट' लिही." तो म्हणतो, "नीट सांग." नीट म्हणजे पी, आर, आय, एन, टी असं एकेक अक्षर. प्रत्येक शब्द असा. लहान मुलाला भरवावं तसं. मला चिडवायला करतो, दुसरं काय? एकदा सांगितलेलं मात्र विसरत नाही. गेल्या आठवड्यातल्या चाळीस ओळी त्याने अक्षरागणिक धडाधड म्हणून दाखवल्या. मला नसत्या आल्या.

"कसं लक्षात ठेवतोस?"

"गठ्ठ्यांवर खुणा असतात. के बेचाळीस म्हणजे करडा दुपदरी. ए टी सात म्हणजे निळा. तुझं यंत्र पण खुणांवरच चालतं, नुसत्या जरा लांब आहेत."

मी दोनशे यंत्रं विकताना इतकं सरळ वाक्य एकदाही बोललो नव्हतो. पुढच्या रविवारी कार्यक्रमात वापरणार आहे.

शनिवार, २६ फेब्रुवारी

आल्म्सक्लिफला चढाई. कातळ कोरडा, वारा कान कापून नेणारा. नेहमीसारखं मी कड्याच्या पायथ्याशी मार्गदर्शिका काढून वाट वाचून दाखवली: डावीकडची खाच, बारा फुटांवर बोटभर पकड, मग पोटावर येणारा फुगवटा. हेडली पकडीसाठी खडूच्या भुकटीने हात माखत ऐकतो, एकदाच, आणि पुढे निघतो. वाचायचं मी, पुढे चढायचं त्याने, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. तरुणपणी मला वाटायचं, पुस्तक हातात धरणं याला कमीपणाचं वाटतं. आता वाटण्यापलीकडे गेलंय, सवयच झालीय.

आमच्यात फार विचारायची पद्धत नाही. दोराला बांधलं की वरचा म्हणतो, "ये," खालचा म्हणतो, "आलो." जमेल का, भीती वाटते का, घरी बरं आहे का, असलं कुणी विचारत नाही. डोरीन गेली त्या आठवड्यातही मी त्याला एवढंच विचारलं होतं, "कातळ कोरडा असेल का रे?" तो म्हणाला होता, "असेल." आणि आम्ही गेलो होतो.

नंतर त्याच्या घरी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र, शेजारी व्हिनेगरची बाटली. त्याने कोठाराची अख्खी यादी त्यात घातलीय. के बेचाळीस दाबलं की फळी, गठ्ठे, वजन, सगळं पडद्यावर. आकडे आणि खुणा, शब्द एकही नाही. मी थक्क झालो. लंडनमधले सुटाबुटातले साहेब सहा महिन्यांत करत नाहीत ते याने तीन आठवड्यांत केलं.

तिथेच मला कल्पना सुचली.

रविवार, ६ मार्च

इमोजेनला सांगितलं, "सत्तावन्न वर्षांचा, पंधराव्या वर्षापासून गिरणीत असलेला माणूस दाखवतो. लोकांना धीर येईल." तिने पेन्सिल चावायची थांबवली. २० मार्च ठरला. पॉग्सनही बघेल, आणि आपल्या कोठारात काय हिरा आहे ते त्याला कळेल. हेडलीची नोकरी मी एका रविवारी पक्की करणार.

त्याला फोन केला.

"करायचं काय?"

"घरी करतोस तेच. मी बाजूला असेनच. येतोस?"

"आलो," तो म्हणाला.

रविवार, २० मार्च

रात्र झालीय, पण लिहूनच टाकतो.

हेडली सकाळी नऊला आला, डोरीनच्या त्याच कोटात. रंगभूषेच्या पोरीने तोंडाला पावडर लावली तेव्हा म्हणाला, "मेल्यावर लावतात ना ही?" दिव्यांच्या उजेडात तो आखडलेला दिसला. मला वाटलं, थेट यंत्राकडे नेण्याआधी याला जरा बोलतं करावं. दर आठवड्याला आम्ही प्रेक्षकाचं एक पत्र वाचतो. आजचं श्रूजबरीच्या मिस पिंकनी यांचं होतं, कॅसेटवर साठवलेला कार्यक्रम परत यंत्रात का शिरत नाही याबद्दल. मी सकाळी दोनदा वाचलं होतं. कुणाला न विचारता, ऐन प्रक्षेपणात, मी ते हेडलीच्या हातात दिलं.

"श्रूजबरीच्या मिस पिंकनी काय म्हणतात, ते आज आमचे पाहुणे वाचतील. चल हेडली, घसा मोकळा कर."

त्याने कागद घेतला. बघितला. अर्ध्या बोटांनी त्याची कड दाबली. मी त्याला काराकोरममध्ये तोंडावर बर्फाची लाट येताना पाहिलंय. तेव्हाही त्याचे कान असे लाल झाले नव्हते. चार सेकंद गेले असतील. टीव्हीवर चार सेकंद म्हणजे एक हिवाळा.

मग तो वाचू लागला.

"प्रिय नॉरिस ओल्डरॉइड. मी तुमचा कार्यक्रम दर रविवारी बघते. तुम्ही फार बोलता. माझा भाऊ असाच होता, त्याला आम्ही शेवटी बोटीवर पाठवला." स्टुडिओत कुणीतरी फिसकन हसलं. "माझा प्रश्न असा आहे. आम्ही म्हातारी माणसं ज्या गोष्टी डोक्यात ठेवतो, त्या या खोक्यात घातल्यावर आमच्या डोक्याचं लोकांना काय काम उरेल? कृपया खरं उत्तर द्यावं. गुळमुळीत नको. आपली, श्रूजबरीची बाई."

कानातल्या यंत्रात इमोजेन ओरडत होती, "हे पत्रात नाहीये! मिस्टर ओल्डरॉइड, हा काय वाचतोय?"

आणि मला कळलं. कुणी सांगितलं नाही. नुसती त्याची नजर पाहिली. ती कागदावर होती, पण ओळींवरून सरकत नव्हती. सोनेरी कडेची पत्रिका, न्हाणीघराचं दार, पी-आर-आय-एन-टी, आल्म्सक्लिफचा पायथा, सगळं एकदम अंगावर कोसळलं. अठ्ठावीस वर्षं!

मी कागद त्याच्या हातातून हळूच काढून घेतला, घडी करून खिशात घातला आणि त्या न लिहिलेल्या पत्राला उत्तर दिलं. म्हटलं, "बाई, मला माहीत नाही." मग कॅमेऱ्याकडे वळलो. "मी यंत्रं विकली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आता हा माणूस काय करतो ते बघा, आणि मग तुम्हीच मला सांगा."

हेडलीने के बेचाळीस दाबलं. पुढची अकरा मिनिटं तो बोलत होता, खुणांबद्दल, गठ्ठ्यांबद्दल, ओल लागलेलं सूत नाकाने कसं ओळखायचं आणि ते यंत्राला कधीच का ओळखता येणार नाही याबद्दल. आजवरचा सगळ्यात चांगला भाग झाला. कॅमेरावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "बाईने पत्र छान लिहिलं होतं."

"हो," तो म्हणाला. "बाई हुशार वाटली."

दोनची गाडी होती. मी स्टेशनपर्यंत गेलो.

म्युरिएलला सांगितलं तर ती सुई न थांबवता म्हणाली, "अठ्ठावन्न सालापासून माहीत आहे मला. डोरीनला शब्द दिला होता." दोन टाके घालून झाल्यावर म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं, पुस्तक राहू दे."

गुरुवार, २४ मार्च

मिस पिंकनी खरोखरच हुशार बाई निघाल्या. त्यांनी एका वर्तमानपत्राला कळवलं की, आपल्याला भाऊच नाही, मग तो बोटीवर कसा जाईल? आतल्या पानावर चौकट: 'रविवारच्या कार्यक्रमात पत्रं कोण लिहितं?' खाली हेडलीचं नाव, बॅटलीची डन्सफर्थ गिरणी, सगळं व्यवस्थित.

इमोजेनच्या साहेबांनी बोलावलं. गालिचा असा की पाय रुततो. "पत्र कुणी बदललं?"

"मी," मी म्हटलं. "आदल्या संध्याकाळी बसून लिहिलं. मला वाटलं, मजा येईल. पाहुण्याचा काही संबंध नाही. त्याने हातात दिलं ते वाचलं."

साहेबांनी अर्धा तास झाडलं. येत्या रविवारी मी जाहीर माफी मागायची, आणि पुढच्या मालिकेसाठी 'दुसऱ्या नावांचा विचार' होईल. बाहेर आल्यावर इमोजेन म्हणाली, "नॉरिस, तुम्ही फार वाईट खोटं बोलता." पहिल्यांदाच नुसतं नॉरिस म्हणाली.

पुढची मालिका गेली तर गेली. हेडलीवर शिंतोडा उडू दिला नाही, याचं बरं वाटतंय. आज जेवण गेलं, बिअरही गेली.

रविवार, २७ मार्च

माफी मागितली. मिस पिंकनींच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बारावा भाग संपला. फुलं, केक, मिठ्या.

हेडलीचा फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. काल संध्याकाळी केला होता, परवाही. गाडीचे रूळ तुटले असते तरी रविवारी माझ्या टायला नावं ठेवायला त्याने फोन केला असता.

बुधवार, ३० मार्च

क्लबच्या चिटणिसाला फोन केला. त्याच्याकडून कळलं, गेल्या शुक्रवारी पॉग्सनने हेडलीला कचेरीत बोलावून घेतलं होतं. टेबलावर ते वर्तमानपत्र उघडं होतं. तास-दीड तास दार बंद. पुढचं चिटणिसाला माहीत नाही.

म्हणजे ती चौकट वाचून ज्याला काहीच कळू नये असं मला वाटत होतं, त्या एकाच माणसाला सगळं कळलं. कागद पुढे आला की 'आज चष्मा विसरलो' म्हणणारा कोठारप्रमुख त्याने आल्यापासून पाहिलाच असणार. दोन आणि दोन चार करायला त्याला नुसता धक्का हवा होता. तो मी दिला. आणि वर साहेबांच्या गालिच्यावर उभा राहून स्वतःची पाठ थोपटली.

परवा गाडी काढतो. म्युरिएल म्हणाली, "मी येत नाही. एकटा जा. आणि तिथे बडबड करू नकोस."

शुक्रवार, १ एप्रिल, गुड फ्रायडे

सकाळी दहाला पोचलो. दार उघडंच होतं. हेडली टेबलाशी दाढी करून बसलेला, जणू वाट बघत होता. यंत्रावर पांघरूण घातलं होतं. चहा ओतला, ईस्टरचे गोड पाव चिरून लोणी लावलं.

रस्त्यात पाठ केलेलं सगळं मी एका दमात बोललो. माझी चूक, मी विचारलं नाही, मला शहाणपणा दाखवायचा होता, आत्ता पॉग्सनच्या घरी जातो आणि त्याला—

"बस खाली," तो म्हणाला. "पॉग्सन वाईट माणूस नाही."

"तुला काय म्हणाला तो?"

"दार लावलं. खुर्ची दिली. म्हणाला, मिस्टर क्रॅबट्री, तुम्हाला वाचता येतं का? मी म्हटलं, नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "लहानपणी छातीच्या दुखण्याने वर्षभर शाळा बुडाली. परत गेलो तोवर सगळे पुढे गेलेले. मास्तर छडी मारायचा, वाच म्हणायचा. कधीच कुणी असं विचारलं नाही, की येतं का. पॉग्सनने बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?"

मी हातातला पाव परत बशीत ठेवला.

"तुझ्यावर राग नव्हता असं नाही," तो म्हणाला. "गाडीत बसल्यापासून डॉंकास्टरपर्यंत तुला मनातल्या मनात कड्यावरून खाली टाकत होतो. तीनदा टाकला. डॉंकास्टरला आठवलं, तू म्हणालास, बाई, मला माहीत नाही. टीव्हीवर. तू! मग राहू दिला लटकत."

"फोन का उचलला नाहीस?"

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला. गिरणीचा छाप. बंद. कोपरे मऊ झालेले.

"पॉग्सन म्हणाला होता, निर्णय पत्राने कळवू. मंगळवारी पोस्टाने आलं. तुझा फोन उचलला असता तर तू म्हणाला असतास, फोड आणि सांग. शेजारणीकडे न्यायचं नव्हतं. डोरीनचं काम कुणालाही कसं सांगणार?" त्याने लिफाफा माझ्या बशीजवळ सरकवला. "वाच. आणि टीव्हीचा आवाज काढू नकोस."

मी लोण्याच्या सुरीने लिफाफा फोडला. सहा ओळी, टंकलेखन केलेल्या. एकदा मनात वाचून घ्यावं, जरा मऊ करावं, असा मोह झाला. शब्द बदलता येतात, हे मला याच माणसाने बारा दिवसांपूर्वी दाखवलं होतं. पण त्याची नजर माझ्या डोळ्यांवर होती. ते ओळींवरून सरकतात की नाही ते बघत होता.

मी वाचलं, जसंच्या तसं. प्रिय श्री. क्रॅबट्री. कोठाराच्या नव्या व्यवस्थेत लेखी सूचना वाचणे व लिहिणे आवश्यक असल्यामुळे, ३० एप्रिलनंतर आपली सेवा चालू ठेवता येत नाही, हे कळवण्यास आम्हाला खेद वाटतो. आपण तयार केलेली साठ्याची यादी गिरणी वापरील, त्याबद्दल आभारी आहोत. बेचाळीस वर्षांच्या सेवेची आम्हाला जाणीव आहे. आपला, जी. पॉग्सन.

"परत," तो म्हणाला.

परत वाचलं.

शेजारच्या चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. हेडलीने खुर्ची माझ्या बाजूला ओढली, गुडघा गुडघ्याला लागला. मी पाठीवर हात ठेवणार होतो. त्याने तो बाजूला केला आणि कागद आमच्या दोघांच्या मध्ये सपाट पसरला.

"यातला खेद कुठला?"

"काय?"

"खेद वाटतो म्हणतात ना. तो शब्द. कुठे आहे?"

मी बोट ठेवलं. त्याने आपलं अर्धं बोट माझ्या बोटाशेजारी आणून टेकवलं आणि वाकून बघितलं, गठ्ठ्यावरची नवी खूण बघावी तसं. एकेक अक्षर ओठांत म्हणाला. मग मागे टेकला.

"एवढासाच?" तो म्हणाला. "तीन दिवस खिशात होता. मला वाटलं, मोठा असेल."

त्याने किटली परत चुलीवर ठेवली, हात पुसले, येऊन बसला.

"हा कळला. आता पहिल्यापासून दाखव. सावकाश. आणि प्रत्येक ठिकाणी बोट ठेव."

एक वाजेपर्यंत आम्ही 'प्रिय'पासून 'जाणीव आहे'पर्यंत आलो. राहिली पॉग्सनची सही. ती मलाही लागली नाही. हेडली म्हणाला, राहू दे, त्या पोराला लिहिता येत नाही.